उपाशी : हो

आमच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब रक्ताने भरतात.
ही एक मी पाण्याने भरली, तिसरा हिस्सा,
आणि कापसाचा बोळा काडीने आत सारत नेला
पाण्याला टेकेपर्यंत.
"जास्त दाबू नकोस. ओला व्हायला हवा, गळायला नको,"
तिसऱ्या मजल्यावरची शाल्मली म्हणाली.
वय वर्षं अकरा, दातांना तार.
कन्नमवार नगरात मुंग्या पाळणारी ती एकटीच होती.
आता आम्ही दोघी.

राणी मला जिन्यात सापडली,
रात्रपाळीहून येताना, मीटरच्या पेटीखाली.
मुंगळाच, पण दुप्पट.
पाठीवर पंख गळल्याच्या चार खुणा,
आणि पंख पायरीवर,
कांद्याच्या पापुद्र्यासारखे.

मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं समजावं,
असं नाना म्हणतात.
मस्कतच्या हॉस्पिटलचं पत्र आलं
तेव्हाही हेच म्हणाले होते. चोवीस वर्षं झाली.
मी गेले नाही.
आणि ही तर उडून, लग्न उरकून,
आपल्याच पायांनी पंख काढून टाकून
जागा शोधत चालली होती
भिंतीच्या कडेकडेने,
डिपॉझिट हातात घेतलेल्या भाडेकरूसारखी.

"खायला काय देऊ?"
"काही नाही."
"थोडी साखर?"
"मावशी, काही नाही म्हणजे काही नाही. महिनाभर.
ती पंखांचे स्नायू खाते, आतले.
आता लागत नाहीत ना."
हे तिने अशा आवाजात सांगितलं
जशी कुणी जुनी सायकल भंगारात द्यावी.

अंधार हवा, हादरा नको, वास नको.
आमच्या दोन खोल्यांत असं ठिकाण एकच,
गोदरेजच्या कपाटात आईच्या साड्यांचा कप्पा.
डांबराच्या गोळ्या काढल्या,
शाल्मलीने कप्पा हुंगून पास केला.
सवयीने मी लेबल चिकटवलं.
नाव : राणी
वय : माहीत नाही
नमुना क्र. : १
उपाशी : हो

बघायचं नाही, ही सगळ्यात अवघड अट.
आठवड्यातून एकदाच,
विजेरीला लाल जिलेटिन गुंडाळून, श्वास धरून.
पहिल्या खेपेला सात दाणे, खसखशीएवढे.
दुसऱ्या खेपेला सहा.
सातवा कुठे गेला ते शाल्मलीने सांगितलं,
मी जेवत होते, ताट बाजूला सारलं.

विसाव्या रात्री नाना कपाटासमोर उभे.
"काय ठेवलंयस आत?"
जन्मभर त्यांनी ओट्याच्या कडेने खडूची रेघ ओढली,
साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला.
"नमुना आहे," म्हटलं. "लॅबचा."

मधेच आईच्या शालूला कसर लागली,
पदरावर बोटभर भोक.
तो घडी करून वरच्या कप्प्यात ठेवला.
गोळ्या परत टाकल्या नाहीत.

तेहेतिसाव्या दिवशी चार जणी.
फिकट, पाणचट चहाच्या रंगाच्या,
इतक्या लहान की आईच्या पायांखाली
टेबलाखाली खेळावं तशा फिरत होत्या.
शाल्मली गणवेशात धावत आली,
कंपासपेटीत झुरळाचा एक पाय, उकळलेला.
मी टाचणीच्या टोकावर मध घेतला.
एकीने थेंबाला तोंड लावलं,
पोट फुगेपर्यंत प्यायली,
मग मागे वळून राणीच्या तोंडाला तोंड भिडवलं.
लेबलावरचं 'हो' मी खोडलं.
वेळ लिहिली, सहा पन्नास,
आणि बाजूला सही केली,
दुरुस्तीला करतात तशी.

त्या दिवशीही नानांनी खडू काढला.
ओट्यावर रेघ, खिडकीत रेघ,
कपाटाच्या पायांभोवती रेघ.
फक्त पुढच्या बाजूला
दोन बोटं जागा सुटलेली.
"इथे राहिलं का हो?"
नाना खडू डब्यात ठेवत म्हणाले,
"हात थरथरतो आता."