किरकोळ

दांडिया बाजारात, दवाखान्याच्या खिडकीशी
किरीटभाई वर न बघताच विचारतात,
"बेन, एनुं ए ज?"
मी म्हणते, हो, जुनंच.

चिठ्ठी पुढे सरकवते.
घड्यांवर विरलीय, चार तुकडे व्हायच्या बेतात,
गोळीचं नाव नेमकं घडीत गेलेलं.
डॉक्टर घारपुरे आत. दाराच्या फटीतून
त्यांची एक चप्पल दिसते.
सही बाहेर येते, डॉक्टर येत नाहीत.

पन्नास रुपये.
कशाचे?
"रिपीटना."
सात दिवसांत आलात तर फुकट, नंतर पन्नास,
नाडी धरली तर तीनशे.

तीस वर्षं शाळेत फीच्या पावत्या फाडल्या मी.
सत्र फी, प्रयोगशाळा, किरकोळ.
किरकोळ म्हणजे काय, असं एका बापानं विचारलं होतं,
हातात मोजून आणलेल्या नोटा.
मी म्हटलं होतं, मागे रांग आहे.

आज माझ्या मागे रांग आहे.

पन्नास देते. पावती मागते.
किरीटभाई पहिल्यांदा वर बघतात.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पंधराची पट्टी.
मला दहाच हव्यात, पेन्शन एक तारखेला.
पोरगा कात्री चालवतो, सफाईनं,
जशी कापडावर.

घरी येऊन चष्मा लावते.
माझ्या तुकड्यावर किंमत आलीय,
सगळ्या करांसकट, अगदी ठळक.
मुदत कधी संपते
ते उरलेल्या पाचांबरोबर
दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलं.