दोनशे चोवीस

वडगावात रात्री दहाला माग थांबतात.
गल्लीला मग आपलाच कान ऐकू येतो.
मी लॅपटॉप उघडते.

हॅस्केल शिकतेय. नेटवर्कचा धडा.
इथं आधी काही घडतच नाही,
घडेल कसं, एवढंच लिहून ठेवायचं.
शेवटच्या टोकाला कुणीतरी मागावं लागतं.
त्यानं मागितलं की मधला पाइप मागच्याला मागतो,
तो त्याच्या मागच्याला,
असा हात लांबत लांबत सॉकेटपर्यंत जातो
तेव्हा कुठं एक घोट वर येतो.
अख्खी घटप्रभा कुणी घरात ओढून आणत नाही.

परशराम मामा उद्याच्या कांड्या भरता भरता डोकावला.
'काय करूलालीस?'
म्हटलं, लागेल तेवढंच घ्यायला शिकतेय.
'ते तर आमचा धोटाबी करतोय की.'
हसले. आणि ते वाक्य
कोडवरच्या टिपेत लिहून ठेवलं.

पलीकडे गोकाकला महादेवी कंबार.
ती मला कानडीत झापते,
मी तिला मराठीत,
कंपायलर दोघींना इंग्रजीत.

तिनं मजकूर सोडला, माझ्याकडे
शब्दांच्या मधेच काळे चौकट-प्रश्न उगवले.
तीन रात्री.
मी तिच्यावर संशय घेतला, तिनं माझ्यावर.

वायरीला वाक्य ठाऊक नसतं.
शब्द नाही, अक्षरसुद्धा नाही.
ती क्रम तेवढा सांभाळते;
तुकडा भरला की तिथंच तोडते.
तिनं ळ मधोमध तोडला होता.

माझा ळ म्हणजे तीन आकडे:
दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे एकोणऐंशी.
महादेवीचा कानडी ळ:
दोनशे चोवीस, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एकोणऐंशी.
लाइटबिलाच्या पाठीवर एकाखाली एक लिहिले.
पहिला तोच.
शेवटचा तोच.
मधे चौदाचा फरक.

तुकड्याच्या टोकाशी दोनशे चोवीस एकटा उभा असतो,
कुठल्या भाषेचा, अजून त्याचं त्यालाही ठाऊक नाही,
आणि माझं फंक्शन घाईनं शिक्का मारायचं: चूक.

आता त्याला सांगितलंय,
उरलेलं फेकू नको, मुठीत धर,
पुढचा तुकडा माग, जोड,
मग बोल.
सहा ओळींचं काम. टाइप जुळवायला मात्र एक रविवार गेला.

काल मुद्दाम तुकडा एकेका बाइटचा केला,
वायरीचा सगळ्यात वाईट दिवस
आपल्या हातानं उजाडवला.
तिनं पाठवलं: हळ्ळी.
मी पाठवलं: ओहळ.
'बंता?' तिनं फोनवर विचारलं.
आलं. अख्खं.
मेमरीचा आकडा जागचा हलला नाही.

सकाळी माग सुरू झाले, भिंत थरथरायला लागली,
तेव्हा आठवलं,
सॉकेट बंद करायचं राहिलंय.
बघितलं तर
तिकडचंही उघडंच.