टोला

जरीमरीची आमची शाळा
विमानांच्या उतरायच्या वाटेवर.
इतकी खाली येतात की चाकं मोजावीत.
बाई वाक्य अर्ध्यात सोडून थांबतात
आणि ‘वासरूचे अनेकवचन’
तेवढा वेळ फळ्यापाशी लोंबकळत राहतं.

तिसरी ब मधला रेवण कुंभार
विमानाला घाबरत नाही.
आम्हाला कुणाला ऐकू यायच्या आधी
तो खिडकीशी उभा,
मान तिरपी, हनुवटीखाली बोटं नाचवत.
घाबरतो तो माझ्या घंटेला.

पितळेची थाळी, लाकडी हातोडा.
आजा गावी देवळात वाजवायचा,
मी सव्वीस वर्षं इथे.
टोला पडला की रेवण बाकाखाली,
कानांवर तळवे, कपाळ फरशीवर,
आणि असा ओरडतो
की पोरांच्या घशाखाली खिचडी उतरत नाही.

दिवाळीआधी पालकांनी अर्ज दिला:
याला वेगळ्या शाळेत घाला.
त्याची आई आली, बोटांना मणी ओवल्याच्या चिरा.
अर्जाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली.
म्हणाली, घरापासून हीच जवळ पडते.
एवढंच.

मंगळवारी फिरत्या बाई येतात, निकम बाई,
सात शाळांना मिळून एक.
पिशवीत चित्रांची कार्डं, कान झाकायचा हेडफोन.
हेडफोन रेवणने दोनदा घातला,
तिसऱ्यांदा पाण्याच्या टाकीत सोडला.
बाई हसल्या, आणि हेडमास्तरांकडे न जाता
माझ्या स्टुलापाशी आल्या.
“गुरव मामा, विमान येताना त्याला कळतं.
तुमची घंटा न सांगता येते.”

त्या रात्री ताटावर बसून तेच.
सव्वीस वर्षं मी कुणाकुणाच्या पाठीत
न सांगता टोला घालत आलो.

दुसऱ्या दिवसापासून दोन जिने चढायला लागलो.
गुडघ्यांनी शिव्या दिल्या.
वर्गाच्या दारात हात वर, पाचही बोटं,
एकेक मिटायचं.
तो माझ्या तोंडाकडे कधीच बघत नाही,
बोटांकडे बघतो.
मग मी खाली उतरतो
आणि तो वर बसून माझ्या चपला मोजतो,
बत्तीस पायऱ्या,
तेहतिसावा टोला.

हेडमास्तर म्हणाले, घंटा रोज लेट,
शेरा मारू का?
म्हटलं, मारा.

मग मला निवडणुकीच्या कामाला ओढलं.
बदलीच्या माणसाने दोन दिवस
घंटा अगदी वेळेवर दिली.
घड्याळात खोट नव्हती.
मी परतलो तेव्हा रेवणच्या भुवईवर
तीन टाके होते.

त्या दिवशी मी बोटं मिटली, वळलो,
आणि मागून पावलं आली.
पायरीला पायरी लावून तो खाली उतरला.
नको म्हणायलाही मला सुचलं नाही.
बत्तीस झाल्या. मी मारली.
ओरडण्याऐवजी त्याने दोन्ही तळवे
थाळीवर दाबून धरले.

घंटा मेली. जागच्या जागी.
त्याने हात काढले, वास घेतला,
आणि मला खूण केली: पुन्हा.

आवाजाला शेपूट असतं,
ते पकडता येतं,
हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

आता मी पेटवतो, तो विझवतो.
रोज नाही जमत. स्नेहसंमेलनाला
लाऊडस्पीकर लागला तसा तो पुन्हा बाकाखाली,
आणि शेजारचा अफान त्याच्यासोबत खाली जाऊन
डबा खात बसला.

गल्लीतला इस्त्रीवाला विचारतो,
मामा, घंटेला तडा गेला का?
हल्ली नुसतीच ‘टण्’ करते, घुमत नाही.
मी म्हणतो, हो, गेलाय.
ऑफिसात मात्र सांगू नकोस,
नवी पाठवून देतील.