धुरा

खैरवाड्याच्या वाचनालयात
चौथ्या कपाटाला कुलूप नाही. कधी गरजच पडली नाही.
लोकसभेतील वादविवाद, खंड सतरा ते एकेचाळीस,
उकंडराव भोंगाडे यांजकडून सप्रेम.
वाचक दोनच, मी आणि उधई.
ती माझ्या पुढे आहे.

दुपारी डेपोकडे जुने गोळे फोडतात
तेव्हा काचा वाजतात,
खंडांतून बारीक माती गळते.

संरक्षणाच्या मागण्यांवर त्यांना सात मिनिटं मिळाली.
सातव्या मिनिटाला कंसात: (घंटा).
पाच मिनिटं ते बुटांवरच बोलले.
सोमीबाई आत्रामच्या पोरानं लिहिलं होतं,
बर्फात तळ उकलतो, आत गोणपाट भरतो.
सुट्टीवर तो घालून आला, त्यातला एक बूट
उकंडरावांनी पिशवीत घालून दिल्लीला नेला,
भाकरीच्या फडक्याशेजारी.
दारावरच्या शिपायानं तो ठेवून घेतला.
म्हणून भाषणात बूट नाही,
नुसतं माप आहे. आठ नंबर.

उत्तर: माहिती गोळा करण्यात येत आहे,
ती यथावकाश पटलावर ठेवण्यात येईल.

परराष्ट्र व्यवहारावर एकदाच उभे राहिले,
रात्री पावणेआठला, बाकं रिकामी.
(मी तिथं नव्हतो. पण गणपूर्तीची घंटा दोनदा छापली आहे.)
हिंदी बोलता बोलता शब्द घरचा निघाला:
"पहिले धुरा तं मोजा, साहेब.
दोघांनी मिळून, एकाच साखळीनं.
धुरा मोजला नाही त्याच्याशी
ना धड भांडता येते, ना सोयरीक होते."

आमच्याकडे धुरा म्हणजे
दोन वावरांमधली ती हातभर जागा
जिथं कोणी वखर घालत नाही.
तिथं बोर उगवते, साप राहतो,
आणि दोन्हीकडची माणसं तिथंच शिदोरी सोडतात.

पुण्याकडच्या सभासदांना ऐकू आली नेतृत्वाची धुरा.
ते ताडकन उठले, शब्द मागे घ्या!
(व्यत्यय.)
उत्तरेकडच्या एकाला ऐकू आला गाडीचा आस.
(हशा.)
लघुलेखकानं मग लिंगच बदलून टाकलं,
आणि खंड चौतीस, स्तंभ एकवीसशे सात इथं
ते वाक्य आता कायमचं
दुसऱ्याच कशाबद्दल तरी आहे.

उकंडरावांनी दुरुस्ती पाठवली नाही.
समासात पेन्सिलीची एकच ओळ,
तीही या पानाची नाही:
सोमीबाईले काय सांगू?

पुढच्या निवडणुकीत ते पडले.
खंड बेचाळीस म्हणून आमच्याकडे आलाच नाही,
आणि उत्तर आलं असेल तर त्यातच असेल.

पोरगा परत आला, पायाची दोन बोटं तिकडे ठेवून.
बसथांब्यावर सायकलींचे पंक्चर काढता काढता
म्हातारा झाला.
सोमीबाई मात्र मंगळवारी, बाजाराला जाता जाता,
उंबऱ्याशी टेकते.
चप्पल बाहेर काढते. श्वास जमला की विचारते,
"आलं का जी पटलावर?
आपण इचारलं होतं ना."

पटल म्हणजे तिला हे माझं टेबल वाटतं.
मी त्यावरचे पेपर बाजूला सारतो,
शाईची दौत उचलतो,
तिला पुरतं दिसावं म्हणून.