विसार

हजार विड्या वळल्या की
सुपात उरतात तेंदूपानांची कात्रणं.
विडी घरकुलात बाकीच्या ती चुलीला घालतात,
मी पोत्यात भरून ठेवते
तिपाबाईसाठी.

कडुनिंबाचा फुलोरा झडला की ती येते,
पांगरीच्या वरच्या डोंगरातून,
दोन एस्ट्या बदलून,
किटलीच्या तोंडाला फडकं बांधून.
काळपट मध.
जिभेवर आधी गोड, मग जरासा कडू,
कुणीतरी खरं बोलल्यासारखा.

राजमणी पाण्याच्या ग्लासात थेंब सोडते.
बुडाला.
वात मधात भिजवून काडी लावते.
पेटली.
तरी म्हणते, गूळच असणार, ह्या लोकांचं काय सांगावं.
तिपाबाई पदरानं किटलीची कड पुसते.
"लाव आजून येक काडी.
आमाला सवय हाय. ठाण्यातबी आसंच बघत्यात."

एकदा मी पोत्यात तंबाखूचा चुरा टाकला होता,
धूर दाट व्हावा म्हणून, चांगल्या मनानं.
तिनं तिथंच उंबऱ्यावर पोतं उपडं केलं,
पान न् पान झटकून घेतलं.
"ह्यानं माश्या मरत्यात, अक्का.
त्यास्नी नुसतं उठवायचं,
झोपल्यालं पोर उठवतो तसं.
आन् पोळं समदं कापायचं न्हाई.
आमचा सुरमल कड्याला दोरीवर लटकून
आदी माफी मागतो, मंग इळा घालतो."

त्या रात्री मी माझे हात हुंगले.
वीस वर्षं साबण लावूनही जात नाही तो वास.
आग्या माशी मला बघून
पळेल की डसेल?

यंदा ती आली ती रिकामीच.
डोंगराखाली करडईवर कसलीशी फवारणी झाली,
कड्याच्या पायथ्याला माश्यांचा खच,
सुरमल दोरी गुंडाळून घरात बसलाय.
एवढं सांगून म्हणाली,
"कात्रणं हायती का?"

मध नाही तर धूर कशाला,
मी विचारून बसले.
विचारायला नको होतं.

तिनं पोतं डोक्यावर घेतलं,
किटली माझ्या फळीवर ठेवली.
"आसू दे हितं. इसार समज."

आता रात्री फळीवर मुंग्यांची रांग लागते
थेट किटलीपर्यंत.
राजमणी बोट दाखवते :
बघ, अस्सल मधाला मुंगी लागत नसते.
मी हूं म्हणते.
कात्री चालूच.
दुसरं पोतं निम्मं भरत आलंय.