पिवळी पाकिटं

लोस्टॉफ्टला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून केलेला स्टुडिओ.
दर बुधवारी साडेदहाला मी तिथे बातम्या वाचते,
ज्यांना आता छापलेलं दिसत नाही त्यांच्यासाठी.
गावातले मृत्यू आणि फुटबॉल टेरेन्सकडे.
माझ्याकडे विज्ञान, आणि 'इतर':
तीस वर्षं मी रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या म्हणून,
आणि टेरेन्सच्या मते मी घाईत बोलत नाही म्हणून.

या आठवड्यात:
ऑक्टोपस झोपेत रंग बदलतो.
काय पाहून, ते अजून कुणाला विचारता आलेलं नाही.
तळ्यातलं पेलाभर पाणी तपासलं तर समजतं
तिथे कोण कोण येऊन गेलं.
पाणमांजर, बगळा, कुणाचा तरी कुत्रा.
तांब्याच्या तारांचे फोन जाणार.
काळजी नको, असं कंपनी कळवते. फोनवरून नाही, पत्राने.
आणि एक ग्रह, इतका तापलेला
की तिथे बहुधा दगडांचा पाऊस पडत असावा.

त्याचं अंतर वाचताना मी अडखळते.
'ट्रिलियन' म्हणायला जावं तर जिभेखाली
खर्व, निखर्व, महापद्म,
शंकू, जलधी,
चौथीत छडीच्या तालावर पाठ केलेले,
आयुष्यात कुठेच न वापरता आलेले.
टेरेन्स काचेपलीकडून बोट फिरवतो: पुन्हा.

पिवळी पाकिटं सोमवारी परत येतात.
आत मेमरी स्टिक, क्वचित विस्किटाचा चुरा.
एकदा पेकफील्डच्या मिसेस एनिड कॅचपोलकडून
जाड मार्करने लिहिलेली चिठ्ठी,
ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या:
*ऑक्टोपसच्या त्या रंगांबद्दल.
काळोखात असतील तर त्यांना रंग म्हणायचं का?
मला उत्तर माहीत आहे. तुम्हाला आहे का पाहत होते.*

माझ्याकडे नव्हतं.

मग मार्चमध्ये मी ती बातमी वाचली:
वादळाने वाळू ओढून नेली आणि खालच्या चिखलात
लाखो वर्षांपूर्वीची पावलं उघडी पडली होती,
मोठी माणसं, मागे मुलं,
कुठेतरी निघालेली, ओहोटीच्या कडेकडेने.
दोनेक आठवड्यांत समुद्राने ती पुसली.
तोवर मोजमापं मात्र घेऊन झाली होती.

पुढच्या सोमवारी पाकिटात दुसरी चिठ्ठी:
*माझंही एक मोजमाप. लिहून ठेवा.
मागच्या दारापासून कड्यापर्यंत
गेल्या ईस्टरला शेहेचाळीस पावलं होती.
गुरुवारी रात्री कुंपण पडलं. पडताना मी ऐकलं.
आता एकतीस.
पावलं माझी, म्हणजे लहान. हेही लिहा.*

बुधवारी लाल दिवा लागला.
मंगळावरच्या वाऱ्यानंतर, ग्रंथालयाच्या नव्या वेळांच्या आधी
मी ते वाचलं. शेहेचाळीस. एकतीस. पावलं लहान.
कुठेही अडखळले नाही.
टेरेन्सने भुवया वर केल्या,
पण बोट फिरवलं नाही.

ग्रंथालय आता आठवड्यातून तीनच दिवस,
मंगळवारी दुपारपर्यंत.
हे मात्र मला दोनदा वाचावं लागलं,
कारण मध्येच बाहेर गल पक्षी ओरडले
आणि अंड्यांच्या ट्रेंमधून आवाज आत आला.