साठीपुढचे डोळे

काउंटीच्या नियमात लिहिलंय :
रात्रीच्या पाट्या तपासायला
साठीच्या पुढचे डोळे हवेत.
म्हणून शेजारच्या सीटवर आल्डन स्कोग्स्टाड, वय बाहत्तर,
मांडीवर थर्मास,
डाव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू.
मी गाडी चालवायची, थांबून वहीत खूण करायची.
त्याने फक्त ‘दिसली’ म्हणायचं.

नॉर्थ डाकोटा. ऑक्टोबर. बीटची काढणी.
ट्रकांनी उडवलेला चिखल खांबांच्या गळ्यापर्यंत,
काही पाट्यांना पोरांच्या बंदुकीची भोकं.
दक्षिणेकडे तोंड असलेल्यांचा लाल रंग आधी जातो,
दोरीवर विसरलेल्या टॉवेलसारखा.

पाटीवर काचेचे मणी असतात, पिठाहून बारीक.
उजेड जिकडून आला तिकडेच त्याला परत धाडतात,
वाटेत कुणाला घासभरही नाही.
आल्डन एकदा उतरून पाटीपाशी गेला,
बाहीने चिखल पुसला.
माझ्यासमोर ‘थांबा’ लखलखीत पेटलं
आणि तिथून तो ओरडला,
‘इथून तर ही मेलेलीच आहे!’

‘दिसली.’ वळणाची.
‘दिसली.’ पुढे शाळा.
‘दिसली.’
या तिसरीच्या वेळी
माझे चौतीस वर्षांचे डोळे नुसता अंधार बघत होते.
ब्रेक दाबला.

एकतीस वर्षं त्याने याच रस्त्यांवर शाळेची बस हाकली होती.
कुठल्या खांबावर काय, हे त्याला
जिभेला दातांमधल्या फटी ठाऊक असतात तसं ठाऊक.
‘बघून सांग. आठवून नको.’
तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
‘त्यातला फरक कळेनासा झालाय गं.’

मग त्याला नदीपलीकडे नेलं, परक्या रस्त्यांवर.
तिथे तो पुढे वाकून, डोळे बारीक करून बसायचा,
उशिरा बोलायचा, कधी बोलायचाच नाही.
काम चोख झालं.
सतरा पाट्या बदलायच्या ठरल्या.

शेवटच्या रात्री परतताना, आमच्या हद्दीत,
जिथले रूळ उखडून वीस वर्षं झाली,
जिथे आता खांबसुद्धा नाही,
तिथे ‘थांब’ म्हणाला.
काच खाली केली. कान बाहेर काढला.
बीटचा ओला वास आत आला.

मी इंजिन बंद केलं.
दोघांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.
वहीत या जागेला रकाना नव्हता.